क्वीन : ध्वनिमुद्रिका, गीतार्थ व पाचगणी

क्वीन : एक ब्रिटिश रॉक संगीतवृंद. स्थापना लंडन येथे १९७० मध्ये. गायक व पियानोवादक फ्रेडी मर्क्युरी (१९४६–९१), गिटारवादक ब्रायन मे (१९४७–  ) आणि तालवादक रॉजर टेलर (१९४९–  ) हे त्याचे मूळ घटक होत. खर्ज-गिटार वाजविणारा जॉन डीकन (१९५१–  ) १९७१ मध्ये येऊन मिळाला आणि त्यानंतर मर्क्युरीच्या निधनापर्यंत वृंदाची रचना बदलली नाही. चौघेही स्वतंत्रपणे गीते रचीत. त्यामुळे एकाच ध्वनिमुद्रिकेत चार भिन्न प्रकृतींची गीते शेजारी-शेजारी येतात. ज्या मोजक्या रॉक वृंदांच्या ध्वनिमुद्रिकांवर व गीतांच्या अर्थावर श्रोत्यांनी अर्धशतक अखंड वाद घातला, त्यांत क्वीनचा समावेश होतो. महाराष्ट्रात या वादाला एक स्थानिक पैलूही आहे. मर्क्युरीचे मूळ नाव फारोख बलसारा. तो जन्माने पारशी होता आणि त्याचे बहुतेक शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे झाले. साहजिकच त्याच्या गीतांत पाचगणी, पारशी धर्म आणि भारत शोधण्याची प्रवृत्ती इकडील रसिकांत आढळते. ती कितपत साधार आहे, हे गीते व ध्वनिमुद्रिका यांच्या आधारेच तपासावे लागते.

१९६७ नंतरच्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये प्रागतिक रॉक हा प्रकार रूढ झाला. किंग क्रिम्झन, यस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड, जेथ्रो टल हे त्याचे प्रमुख वृंद. तीन मिनिटांच्या सुट्या गाण्याऐवजी प्रदीर्घ, अनेक खंडांच्या रचना. अभिजात पाश्चात्त्य संगीतातील आकृतिबंधांचा वापर. पुराणकथा, स्वप्ने, विज्ञानकल्पना असे विषय, ही त्याची लक्षणे. प्रत्येक बाजूस सुमारे वीस मिनिटे वाजणारी दीर्घ ध्वनिमुद्रिका (एल. पी.) ही एक सलग कलाकृती मानली जाऊ लागली. तिच्या वेष्टनावरील चित्र आणि पुष्कळदा आत छापलेली गीतसंहिता हीही त्या कलाकृतीचीच अंगे ठरली. श्रोता वेष्टन हातात धरून, वाचत-वाचत ऐकू लागला आणि टीकाकारही झाला. मराठी श्रोत्याला गीतार्थाचा असा घोर क्वचितच लागतो. नाट्यपदाचा अर्थ प्रसंग सांगतो, भावगीतामागे बहुधा कवीचा संग्रह उभा असतो. रॉक गीतामागे असे काही नसते. जे काही आहे ते तबकडीत व वेष्टनावर. उरलेले श्रोत्याने आपले आपण भरून काढावयाचे.

क्वीनला प्रागतिक म्हणावे की नाही, हा रसिकांमधील पहिला व जुना वाद. उत्तर कालखंडावर अवलंबून आहे. ‘क्वीन’ (१९७३) व ‘क्वीन २’ (१९७४) या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका निःसंशय त्या परंपरेच्या निकट आहेत. ‘शीअर हार्ट अटॅक’ (१९७४) पासून गाणी आटोपशीर होऊ लागतात. ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ (१९७५) मध्ये दोन्ही प्रवृत्ती एकत्र नांदतात. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ (१९७७) नंतर प्रागतिक धाटणी जवळजवळ संपते. सुरुवातीच्या वेष्टनांवर सिंथेसायझर वापरला नसल्याचा उल्लेख अभिमानाने केलेला असे. ‘द गेम’ (१९८०) मध्ये तो वापरण्यात आला. जुन्या चाहत्यांच्या मते वृंदाचा खरा इतिहास येथे संपतो. हे मत टोकाचे असले, तरी ‘क्वीन २’ बद्दलचा त्यांचा आग्रह रास्त आहे. या तबकडीच्या बाजूंना पहिली व दुसरी असे न म्हणता ‘श्वेत’ आणि ‘कृष्ण’ अशी नावे दिली होती. श्वेत बाजूवर टेलरचे एक गीत वगळता सर्व गीते मेची, तर कृष्ण बाजूवरील सर्व मर्क्युरीची. कृष्ण बाजूवरील गीते एकमेकांत मिसळून सलग ऐकू येतात. त्यांतील ‘द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक’ हे गीत रिचर्ड डॅड या चित्रकाराने लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयात नऊ वर्षे खपून रंगविलेल्या याच नावाच्या चित्रावरून रचले आहे. हे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. चित्र समोर ठेवून गीत ऐकले असता, ऐकताना असंबद्ध वाटणारी पात्रांची नामावळी चित्रात जागच्या जागी सापडते. गीतार्थाचा वाद इतक्या समाधानकारक रीतीने मिटल्याची उदाहरणे थोडी आहेत.

तसेच दुसरे उदाहरण मेच्या ‘३९’ या गीताचे. चालीवरून ते नाविकांचे लोकगीत भासते. जहाज निघते, परत येते, पण परतलेल्यांना घरची माणसे सापडत नाहीत. मे हा खगोलभौतिकीचा विद्यार्थी. इंपीरियल कॉलेजमधील त्याचा अर्धवट राहिलेला ग्रहांतरीय धुळीवरील प्रबंध त्याने २००७ मध्ये पुरा केला. हे कळल्यावर गीतातील जहाज अंतराळयान असल्याचा उलगडा होतो. प्रकाशाच्या निकट वेगाने प्रवास करणाऱ्यांच्या लेखी वर्षभराचा काळ जातो, पृथ्वीवर शतक उलटते. सापेक्षता सिद्धांतातील कालविस्ताराची ही कथा होय. येथे चरित्राची माहिती गीताचे कुलूप उघडते. पण एकदा अशी किल्ली हाती लागली, की रसिक ती प्रत्येक कुलपाला लावून पाहतात आणि मर्क्युरीच्या बाबतीत नेमके तेच घडले.

त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे झाला. त्या वेळी तेथे ब्रिटिशांचे संरक्षित राज्य होते. वडील बोमी बलसारा सरकारी नोकरीत रोखपाल होते. घराण्याचे नाव गुजरातमधील बलसार (आताचे वलसाड) या गावावरून आले. वयाच्या आठव्या वर्षी, १९५५ च्या सुमारास, फारोखला पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूल या निवासी शाळेत धाडण्यात आले. इंग्लंडमधील निवासी शाळांच्या धर्तीवर चालणाऱ्या या शाळेत ‘फ्रेडी’ हे नाव त्याला मिळाले. तेथेच तो पियानो शिकला, समूहगानात व नाटकांत भाग घेऊ लागला. १९५८ च्या सुमारास पाच विद्यार्थ्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वृंद काढला. लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची त्या काळची लोकप्रिय गाणी तो वाजवी. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की या वृंदात प्रमुख गायक दुसराच होता. बलसारा पियानो वाजवीत असे. १९६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली आणि कुटुंबाने इंग्लंड गाठले. ईलिंग येथील कलाविद्यालयात त्याने आरेख्यक कलेचे शिक्षण घेतले. वृंदाचे बोधचिन्हही त्यानेच रेखाटले. त्यात सिंहाच्या जोडीने डीकन व टेलर, खेकड्याने मे आणि दोन पऱ्यांनी कन्या राशीचा मर्क्युरी, अशा चौघांच्या राशी दाखविल्या असून वर फिनिक्स पक्षी आहे. फिनिक्सचा संबंध पारशी अग्निपूजेशी जोडण्याचा मोह होतो. तथापि ही आख्यायिका युरोपात ग्रीकांपासून प्रचलित आहे आणि इंग्रजी कलाशिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्याला ती सहजच परिचित असणार.

असाच मोह संगीताबाबतही होतो. ‘व्हाइट क्वीन’ (१९७४) व ‘जेलसी’ (१९७८) या गीतांत सतारीसारखा झणकार ऐकू येतो. भारतात वाढलेला वादक वृंदात असल्यामुळे तो तेथून आला, असे ऐकणाऱ्याला वाटावे. वस्तुतः तो मेचा आहे. आपल्या एका जुन्या गिटारीची घोडी सपाट करून, तारांखाली धातूची बारीक पट्टी बसवून त्याने हा नाद काढला. सतारीची जवारी याच तत्त्वावर काढतात. म्हणजे या वृंदातील सर्वांत ‘भारतीय’ ध्वनी मिडलसेक्समध्ये जन्मलेल्या इंग्रजाने निर्माण केला. पाचगणीत शिकलेल्या पियानोवादकाचे शिक्षण संपूर्णतः पाश्चात्त्य होते. ‘द प्रॉफेट्स साँग’ (१९७५) या आठ मिनिटांहून अधिक लांबीच्या गीताचीही तीच गत. शीर्षकातील प्रेषित म्हणजे झरथुश्त्र, असे समजण्यास जागा नाही. गीत मेचे आहे व त्याला पडलेल्या महापुराच्या स्वप्नावर आधारलेले आहे.

मर्क्युरीच्या स्वतःच्या गीतांत भूतकाळ येत नाही, असे मात्र नव्हे. ‘राय’ हे काल्पनिक राज्य त्याने बालपणी धाकट्या बहिणीसह रचले होते असे सांगतात. पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या अखेरीस त्याचा केवळ वाद्यसूर ऐकू येतो, दुसरीच्या अखेरीस ‘सेव्हन सीज ऑफ राय’ हे पूर्ण गीत. ‘माय फेअरी किंग’ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंगच्या ‘द पाइड पायपर ऑफ हॅमलिन’ या कवितेतील पंखांचे घोडे व नांगी गमावलेल्या मधमाश्या अवतरतात. याच गीतात आईला उद्देशून ‘मर्क्युरी’ असे संबोधन आहे आणि त्यावरूनच त्याने ते आडनाव घेतले, अशी मेची आठवण आहे. ‘मुस्तफा’ (१९७८) मध्ये अरबीसदृश शब्दांची रेलचेल असून अल्ला व इब्राहिम यांची नावे येतात. मुस्लिमबहुल झांझिबारमध्ये बालपण गेलेल्या माणसाच्या कानावर हे उच्चार पडलेले असणारच. एकंदरीत पाहता त्याच्या गीतांत भारतापेक्षा झांझिबार अधिक ऐकू येतो आणि त्या दोहोंहूनही इंग्रजी परीकथांचे पुस्तक अधिक. पाचगणीचे ऋण वादनकौशल्यात व समूहगानाच्या संस्कारात आहे. ते लहान नव्हे. परंतु ते गीतांच्या अर्थात शोधू नये.

वादाचा केंद्रबिंदू अर्थातच ‘बोहेमियन रॅप्सडी’. ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधील रॉकफील्ड ध्वनिमुद्रणगृहात तिचे काम सुरू झाले. निर्माता रॉय टॉमस बेकर. मर्क्युरी, मे व टेलर या तिघांचेच आवाज पुनःपुन्हा एकावर एक मुद्रित करून समूहगानाचा आभास निर्माण करण्यात आला. रचना जवळजवळ सहा मिनिटांची असल्याने नभोवाणी ती वाजविणार नाही, अशी व्यवसायातील मंडळींना भीती होती. लंडनचा निवेदक केनी एव्हरेट याने ती वारंवार ऐकविली. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रसिद्ध झालेली ही तबकडी ब्रिटनमध्ये नऊ आठवडे अग्रस्थानी राहिली. कथेचा सांगाडा असा : एक तरुण आईजवळ खुनाची कबुली देतो, निरोप घेतो, मग स्कारामूश, गॅलिलिओ, फिगारो, बिस्मिल्ला, बील्झीबब अशा नावांच्या व शब्दांच्या गदारोळात त्याच्या सुटकेसाठी ओढाताण होते, रागाचा एक उद्रेक येतो आणि शेवटी सारे उदासीनतेत विरते. कोणी यात आत्मा विकणारा फाउस्ट पाहिला. कोणी आल्बेर काम्यूच्या कादंबरीतील, कारणावाचून खून करणारा नायक. कोणी खून म्हणजे जुन्या स्वत्वाचा त्याग असे मानून मर्क्युरीच्या समलिंगी जीवनाची ही प्रच्छन्न कबुली ठरविली. तिसरे मत आज सर्वाधिक प्रचलित आहे. मर्क्युरीने एकाही मताला दुजोरा दिला नाही. ऐकावे, विचार करावा आणि आपले आपण ठरवावे, एवढेच तो सांगे. सहकाऱ्यांनीही हे मौन पाळले आहे.

एक सर्वस्वी निराळे भाष्य इराणमध्ये झाले. २००४ साली तेथे क्वीनच्या निवडक गीतांची ध्वनिफीत अधिकृत परवान्याने विक्रीस आली. सोबतच्या पत्रकात या गीताचा अर्थ दिला होता : तरुणाच्या हातून चुकून खून होतो, तो सैतानाला आत्मा विकतो, फाशीच्या आदल्या रात्री ‘बिस्मिल्ला’ म्हणून ईश्वराचा धावा करतो आणि आत्मा परत मिळवितो. ज्या भूमीतून पारशांचे पूर्वज हिंदुस्थानात आले, तेथे त्यांच्या वंशजाचे गीत अशा रीतीने इस्लामी बोधकथा बनून पोहोचले. संहितेशी हे भाष्य अगदीच विसंगत नाही. गीतातील एका शब्दाला इतर भाष्यकारांपेक्षा ते अधिक गांभीर्याने घेते, इतकेच.

मर्क्युरीच्या निधनानंतर चरित्रावरून अर्थ लावण्याला जोर आला. १९८७ मध्ये त्याला एड्सचे निदान झाले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने ते जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा अंत झाला. अंत्यविधी लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी केले. त्या वर्षीच्या ‘इन्युएंडो’ ध्वनिमुद्रिकेतील प्रत्येक ओळ आता निरोपाची वाटू लागली. विशेषतः ‘द शो मस्ट गो ऑन’ हे त्याचे मृत्युपत्र मानले गेले, वास्तविक त्याची जुळणी मुख्यतः मेने केली होती. ‘द मिरॅकल’ (१९८९) पासून सर्व गीतांवर चौघांचे सामाईक नाव छापले जात असल्याने कर्तृत्वाची गल्लत होणे सोपे झाले. २०१८ च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ या चित्रपटाने गोंधळात भर घातली. त्यात निदान १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ मैफलीपूर्वी झाल्याचे दाखविले असून पाचगणीच्या वास्तव्याचे चित्रण नाही.

मर्क्युरी हयात असताना क्वीनचा कार्यक्रम भारतात झाला नाही. तो स्वतःच्या भारतीय बालपणाविषयी जाहीरपणे क्वचितच बोले. त्यामुळे हा गायक आपल्या पाचगणीचा, ही जाणीव महाराष्ट्रातही पुष्कळ उशिरा, बव्हंशी त्याच्या मृत्यूनंतर पसरली. आज त्याची शाळा पाहण्यासाठी रसिक पाचगणीला जातात.

सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनच्या सदबी या लिलावगृहात त्याच्या संग्रहातील वस्तू विकल्या गेल्या. त्यांत ‘बोहेमियन रॅप्सडी’ची हस्तलिखित कच्ची टिपणे होती. शीर्षकातील ‘बोहेमियन’ या शब्दावर चाहत्यांनी तोवर अर्थांचे इमले उभारले होते. टिपणांतील एका पानावर शीर्षक म्हणून आधी ‘मंगोलियन रॅप्सडी’ असे लिहिलेले असून त्यातील पहिला शब्द खोडला आहे. ही पाने सु. १३·८ लक्ष पौंडांना गेली.