माउंट रोडवरील फ्रेंच मिठाईवाला

बदलीच्या नोकरीतला माणूस नव्या गावी गेला म्हणजे आधी बाजार, देऊळ आणि कचेरीची बस एवढे ओळखून घेतो. त्या गावाचा इतिहास त्यास फार उशिरा भेटतो, आणि तोही बहुधा भलत्याच ठिकाणी. चेन्नईच्या इतिहासातील एक लहानसे प्रकरण आम्हांस नुंगंबाक्कममधील एका फ्रेंच धर्तीच्या मिठाईच्या दुकानात भेटले.

दुकान मोठे देखणे होते. संगमरवरी टेबले, पितळी कड्यांची काचेची कपाटे, आणि त्या कपाटांत सराफाने दागिने मांडावेत तसे मांडलेले पदार्थ! गावाहून आलेल्या मातोश्रींना शहराची अपूर्वाई दाखवावी म्हणून आम्ही त्यांस तेथे नेले होते. बशीत आला तो पापुद्र्यांचा एक लांबट तुकडा. त्यास हात लावण्यापूर्वी मातोश्रींनी हळूच विचारले, “अरे, यात अंडं नसेल ना?” आम्ही दुकानातील मुलीस विचारले. पिठात अंडे नाही, मात्र वर तकाकी यावी म्हणून अंड्याचा हात फिरविला आहे, असे तिने प्रामाणिकपणे सांगितले. मातोश्रींनी बशी आमच्याकडे सरकविली, पण तुकड्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, “हा चिरोटाच की रे! नुसता तळायचा तो भाजलाय.”

पाकशास्त्राच्या पंडितांनी याहून नेमके सांगितले नसते. आपल्याकडे पोळ्यांना तूप व तांदळाच्या पिठाचा साटा लावून, एकावर एक ठेवून, वळकटी करून चिरोटे लाटतात. फ्रेंच आचारी पिठाच्या घडीत लोण्याची वडी बंद करतो, लाटतो, तिची तिहेरी घडी घालतो, फिरवून पुन्हा लाटतो. असे सहा वेळा केले म्हणजे लोण्याचे ७२९ थर होतात. भट्टीत पिठातील पाण्याची वाफ होते, ती थर उचलून धरते, आणि मधले लोणी त्यांस एकमेकांस चिकटू देत नाही. आपल्या घरांत चूल होती, भट्टी नव्हती. म्हणून आपला थर कढईत फुलला. भेद इतकाच.

परंतु एक भेद हवेचाही आहे. साटा उन्हाळ्यात थोडा सैल झाला तरी निभावते. लोणी मात्र ३२ ते ३५ अंशांच्या सुमारास वितळू लागते, आणि मे महिन्यात चेन्नईचा पारा दुपारी सहज त्याच्या वर असतो. वितळलेल्या लोण्याचे थर होत नाहीत, त्याचा नुसता चिकट गोळा होतो. मग यंत्राने थंड केलेल्या खोल्या नव्हत्या त्या काळी या शहरात हा पदार्थ कोणी आणि कसा करीत असेल, हा प्रश्न आमच्या मनात आला, आणि त्यानंतरचे कित्येक रविवार त्यातच गेले.

उत्तराचा अर्धा भाग समुद्रकिनाऱ्यावर उभा आहे. आज जी वास्तू विवेकानंदांचे स्मारक म्हणून ओळखली जाते, जेथे १८९७ च्या फेब्रुवारीत स्वामीजींचा मुक्काम होता, ती मुळात १८४२ साली बर्फाचे कोठार म्हणून बांधली गेली. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बोस्टनचा व्यापारी अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, महिनोन्महिन्यांच्या सागरप्रवासाने येथे आणीत असे. इतका महागाचा बर्फ साहेबाच्या पेल्यात पडणार, आचाऱ्याच्या पिठास कोठून मिळणार? १८७० नंतरच्या दशकात यंत्राने बर्फ या शहरातच तयार होऊ लागला आणि ट्यूडरचा व्यापार बुडाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८८० च्या सुमारास, माउंट रोडवर ‘मेझाँ फ्रांसेझ’ म्हणजे ‘फ्रेंच गृह’ या नावाचे मिठाईचे दुकान निघाले. या दोन गोष्टींचा संबंध आहे असे आम्हांस वाटते; मात्र तो केवळ आमचा तर्क आहे.

दुकानाचा मालक जाकोमो डँजेलिस. नाव इटालियन, दुकान फ्रेंच, हे कोडे तो कॉर्सिका बेटावरचा होता हे कळले म्हणजे सुटते, नेपोलियनही तेथलाच. फ्रेंचांचा आणि मद्रासचा संबंध तोवर तोफांचाच अधिक. १७४६ साली ला बुर्दोने याने सेंट जॉर्ज किल्ला घेतला, तो इंग्रजांस १७४९ मध्ये तहाने परत मिळाला. १७५८ च्या अखेरीस लालीने पुन्हा वेढा घातला आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यास हात हलवीत परतावे लागले. तोफांनी जे साधले नाही ते लोण्याने साधले असे म्हणण्याचा मोह होतो. इंग्रज अंमलदाराच्या राजधानीत फ्रेंच नावाची पाटी ही कमीपणाची नव्हे, प्रतिष्ठेची खूण ठरली. दुकान वाढत गेले, आणि १९०६ मध्ये त्याचे ‘हॉटेल डँजेलिस’ झाले.

हे दुकान आपल्या भरात होते त्याच काळात, १८९० च्या ऑक्टोबरात, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास जमली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी खाल्ली, कोणी पेल्यास नुसता ओठ लावला. गोपाळराव जोश्यांनी मंडळींची नावे वर्तमानपत्रातून प्रसिद्ध केली आणि पुणे शहर ढवळून निघाले. शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, ग्रामण्य उभे राहिले. रानडे आणि टिळक या दोघांनाही अखेर प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. आज हे वाचताना हसू येते. पण ज्याच्या घरी लेकीबाळींची लग्ने ठरावयाची होती, श्राद्धास भटजी मिळावयाचा होता, त्यास ते हसण्यावारी नेता येण्याजोगे नव्हते. पावात ताडीचे आंबवण, वर अंड्याचा हात, आणि भट्टीवाला कोणत्या जातीचा हे ठाऊक नाही: एका बिस्किटात तीन संकटे!

माउंट रोडवरील त्या काचेच्या कपाटासमोरून तेव्हाचा एखादा मराठी कारकून गेला असेल तर त्याच्यापुढे दोन दारे बंद होती. एक साहेबाचे, त्याच्या क्लबांत व भोजनगृहांत काळ्या माणसास मान नव्हता. दुसरे दार त्याचे स्वतःचे, आणि आमच्या मते तेच अधिक जड. पहिल्याविषयी आपण पुष्कळ लिहिले आहे. दुसऱ्याविषयी लिहिताना आपली लेखणी जरा अडखळते.

परंतु सगळ्याच मराठी घरांची कथा अशी नव्हती, आणि याचा दाखला याच प्रांतात सापडतो. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढले. त्यांच्या दरबारी सिद्ध झालेला मराठी पाकशास्त्राचा ग्रंथ सरस्वती महालात आहे. त्यात आपल्या पाकांबरोबर इंग्रजी धर्तीच्या स्वयंपाकाचीही दखल घेतलेली आहे. पुण्यात एका बिस्किटावरून ग्रामण्य झाले त्याच्या कितीतरी आधी कावेरीकाठचा भोसला राजा परक्या चुलीची माहिती मराठीत लिहवून घेत होता! राजाला जे शोभते ते कारकुनास परवडत नाही, हे खरे. तरीही पुण्याबाहेरच्या मराठी माणसाचा इतिहास पुण्याच्या मापाने मोजू नये, एवढे यावरून आम्ही शिकलो.

डँजेलिसची गोष्ट मात्र मिठाईवर संपत नाही. १९०९ च्या जुलैत ब्लेरिओ याने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. त्या वार्तेने आमचा हा हलवाई असा पेटला की त्याने स्वतःच विमानाचा आराखडा केला, सिम्सन या घोडागाड्या बांधणाऱ्या जुन्या पेढीकडून ते बांधवून घेतले, आणि १९१० च्या मार्चमध्ये पल्लावरम येथे ते उडवून दाखविले. पुढे शहरात लोकांसमोरही प्रयोग झाला. अलाहाबादहून नैनीस टपालाचे प्रसिद्ध उड्डाण झाले ते १९११ च्या फेब्रुवारीत, म्हणजे जवळजवळ वर्षभराने. (चौपाटीवरच्या तळपद्यांच्या विमानाचे काय, असे वाचक विचारतील. तो वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही.) पिठाच्या थरांतून वाफ वर कशी चढते हे रोज पाहणाऱ्या माणसास आकाशाची ओढ लागावी, यात आम्हांस तरी नवल वाटत नाही.

पुढे ते हॉटेल बोसोटो या इटालियन नावाने चालले, त्यानंतर तेही गेले. माउंट रोडचा अण्णा सालै झाला, १९९६ साली मद्रासचे चेन्नई झाले. मातोश्री गावी परतण्यापूर्वीच्या रविवारी आम्ही दोघे त्या रस्त्याने पायी हिंडलो. डँजेलिसच्या नावाची पाटी कोठे दिसली नाही. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्यास आमच्या मोडक्या तमिळमध्ये विचारले. बोसोटो हे नाव त्याने वडिलांच्या तोंडून ऐकले होते. तेथे पुढे जोड्यांचे दुकान होते एवढे त्यास स्वतःस आठवत होते. मिठाईवाल्याने विमान उडविले होते हे सांगताच त्याने भिंग डोळ्यावरून काढले, आमच्याकडे पाहिले आणि हसून पुन्हा कामास लागला. मातोश्रींनी विचारले, “काय म्हणाला रे?” आम्ही म्हणालो, “त्याला खरं वाटलं नाही.” हातातली अंड्यावाचूनच्या बिस्किटांची पुडी पिशवीत नीट ठेवीत त्या म्हणाल्या, “मला तरी कुठं वाटतंय?”