लिस्बनचा भूकंप आणि धर्मबुद्धि

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, देवळे उपासकांनी भरलेली असतानाच लिस्बन शहर भूकंपाने हादरले. मागोमाग समुद्र चढून आला व आग भडकली. हा पापाचा दंड होय, तेव्हा आधी पश्चात्ताप करा, असे मालाग्रिदा या जेझुइट पाद्र्याने १७५६ साली लिहिले. परंतु रोगराई टळावी म्हणून रूढी बाजूस सारून प्रेते समुद्रात सोडण्यास तेथील मुख्य धर्माध्यक्षानेच संमती दिली होती. पुढे धक्का किती वेळ टिकला, माणसे किती दगावली, या सरकारी प्रश्नांस गावोगावच्या पाद्र्यांनी उत्तरे लिहून पाठविली; ती भूकंपाच्या अभ्यासकांस आजही उपयोगी पडतात. संकटाचे कारण सांगण्यास धावणाऱ्या धर्मापेक्षा मृतांची मोजदाद ठेवणारा आणि जिवंतांस जपणारा धर्मच आम्हांस ख्रिस्ताच्या अधिक जवळचा वाटतो.