पुढचं चाक

नाशिक-पुणे रस्त्यावरचं सिन्नर विड्यांचं गाव म्हणून ओळखलं जाई. मग मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावची एमआयडीसी आली, कामगारांच्या दुचाक्या वाढल्या आणि टायरवाल्यांची कामंही.

आधीचा काळ बुलेट, राजदूत, येझदीचा. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. या गाड्यांना पुढेही ड्रम ब्रेक. टायर बदलल्यावर चाक परत बसवताना खरी परीक्षा तिथेच. ब्रेक प्लेटवरची खाच शॉकअपच्या खालच्या नळीवरच्या उंचवट्यात अडकायलाच हवी. ती सुटली, तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरू लागते, आणि मग गाडीवाल्याची खैर नाही. स्पीडोमीटरची गरारी हबच्या खाचेत नीट बसली नाही, तर काटा शून्यावरच.

एक्सल घालून नट आधी हातानंच लावायचा, चाक फिरवून ब्रेक दाबून धरायचा, म्हणजे लायनर मधोमध येतात, आणि मगच नट पान्यानं आवळायचा. घाईत हीच पायरी गाळली जाते.

२००१ मध्ये बजाजची पल्सर आली आणि पुढे डिस्क ब्रेक सर्रास दिसू लागला. आता नवीच खबरदारी: चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा दाबायचा नाही, नाहीतर पॅड एकमेकांना भिडतात आणि डिस्क आत शिरत नाही. चाक बसल्यावर मात्र दांडा घट्ट लागेपर्यंत दाबायचा. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेनं आहे ना, हे त्याआधीच पाहिलेलं बरं. उलटा निघाला, तर सगळं पुन्हा खोला.