चित्र पुढे, आकडे मागे

हॉकीपटूच्या जुन्या कार्डाचा माग काढत आपण निघालो, की मैदानाआधी तंबाखूचं दुकान लागतं. एकोणिसाव्या शतकात सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून अमेरिकेतले उत्पादक त्यांत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. १८८० च्या सुमारास या कोऱ्या तुकड्यावर चित्रं अवतरली: पुढे नट्या, सेनापती, खेळाडू, मागे जाहिरात, आणि हळूहळू तिच्या शेजारी चित्रातल्या माणसाची माहिती. संच पुरा करायचा तर पाकिटं घेत राहणं भाग, हे त्यातलं व्यापारी इंगित. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीनेही हीच वाट धरली आणि आपले रणजितसिंहजी सिगारेटच्या कार्डांवर झळकले. कॅनडात १९१०-११ च्या मोसमात इंपीरियल टोबॅको कंपनीने बर्फावरच्या हॉकीपटूंचा ३६ कार्डांचा संच काढला. महायुद्धातल्या कागदटंचाईने १९४० मध्ये ब्रिटनमधली सिगारेट-कार्डं थांबली. पुढे ती जागा च्युइंगगमने घेतली. आता गिऱ्हाईक होतं शाळकरी पोर, आणि त्याला मागचे आकडे तोंडपाठ असत.

भारतातल्या हॉकीचा प्रवास वेगळा. लष्करी छावण्यांतून ती पसरली. १८९५ मध्ये कलकत्त्यात बेटन चषक आणि १८९६ मध्ये मुंबईत आगाखान चषक सुरू झाला. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ध्यानचंदांच्या भारतीय संघाने जर्मनीला ८-१ असं हरवलं. मुंबई प्रांताचे बाबू निमल त्या चमूत होते. त्या ऑलिंपिकची चित्रं जर्मन सिगारेट ओढणाऱ्यांनी सिगारेट कंपनीकडून मिळवून जाडजूड अल्बमांत चिकटवली. आपल्याकडे ध्यानचंद टपाल तिकिटावर आले ते १९८० मध्ये, त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी. पण तिकिटाच्या पाठीला डिंक असतो, कारकिर्दीचा हिशेब नसतो. त्याच दशकात बिग फन गमच्या वेष्टनातून मुलांच्या हाती आलेली चित्रं होती क्रिकेटची, त्यांवर धावा आणि बळी छापलेले.

इथून आपण खडकीला येतो. १६ जुलै १९६८ रोजी जन्मलेले हॉकीपटू धनराज पिल्ले तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, चिखलमातीवर, मोडक्या स्टिकांनी खेळ शिकले. तोवर १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकने हॉकी कृत्रिम हिरवळीवर नेली होती. डिसेंबर १९८९ ते ऑगस्ट २००४ या काळात धनराज ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. त्यात चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई स्पर्धा. १९९८ मध्ये बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्ण जिंकलं, तेही ३२ वर्षांनी. आधीचं १९६६ चं सुवर्णही बँकॉकलाच मिळालं होतं. पाठोपाठ कर्णधारासह अनेक ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. कारण सांगितलं गेलं विश्रांतीचं, चर्चा झाली ती त्यांनी मागितलेल्या मानधनाची.

धनराजांचं कार्ड छापायचं ठरलं, तर पुढची बाजू सोपी आहे: मानेवर उडणारे लांब केस आणि चेंडूमागची धाव. मागे मात्र गोलांच्या रकान्याशी हात थांबतो. भारतीय हॉकी महासंघाने त्यांच्या गोलांची अधिकृत नोंद ठेवलीच नाही. १७० च्या आसपास हा आकडा अंदाजाचा. तंबाखूवाल्याला इतिहासाची कळकळ नव्हती, माल खपवायचा होता. पण गिऱ्हाईक आकडे मागू लागलं आणि कार्डाची पाठ भरत गेली. भारतीय हॉकीत तसा आकडे मागणारा कुणी उभा राहिला नाही. चार-चारदा सर्वोच्च स्पर्धा खेळलेल्या माणसाच्या गोलांवर आज वाद घालता येतो, तो त्यामुळेच.