वेबवरचा अपुरा अर्ज आणि भरलेल्या मजकुराची जपणूक

वेबवरच्या अर्जात एखादा रकाना रिकामा राहिला किंवा चुकीचा भरला गेला, की अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. परत येताना आधी भरलेला मजकूर जागच्या जागी असावा, ही भरणाऱ्याची रास्त अपेक्षा असते. वेबच्या सुरुवातीच्या वर्षांत ती अनेकदा पुरी होत नसे. पिन कोडचा एक आकडा राहिला, तरी नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव असे सगळे पुन्हा टंकावे लागे. भरलेला मजकूर ही भरणाऱ्याची मेहनत आहे आणि ती राखणे हे अर्ज घेणाऱ्या यंत्रणेचे काम आहे, ही गोष्ट आज आंतरराष्ट्रीय मानकांत नोंदलेली आहे. तिथवर पोचायला सुमारे तीस वर्षे लागली.

पडद्यावर अर्ज भरण्याची पद्धत वेबच्या बरीच आधीची आहे. आयबीएमने १९७१ मध्ये ३२७० या टर्मिनलांची मालिका जाहीर केली. बँका, विमा कंपन्या आणि विमानसेवा यांच्या कचेऱ्यांत ही टर्मिनले पुढे दशकानुदशके चालली. २४ ओळी आणि ८० स्तंभांच्या पडद्यावर काही रकाने भरण्यासाठी मोकळे, तर काही कुलूपबंद असत. टंकलेला मजकूर टर्मिनलाच्याच स्मृतीत साठे आणि एंटर दाबल्यावर बदललेले रकाने तेवढे मुख्य संगणकाकडे जात. कोणता रकाना बदलला हे कळावे म्हणून प्रत्येक रकान्याला एका बिटाची खूण जोडलेली असे. चूक आढळली, तर मुख्य संगणक पडदा न पुसता फक्त चुकीचा संदेश त्यावर लिहू शकत असे. बाकीचे रकाने जसेच्या तसे राहत आणि कारकून तेवढी चूक सुधारून पुन्हा एंटर दाबे. म्हणजे मजकूर जपण्याची सोय त्या यंत्राच्या रचनेतच होती.

वेबची रचना वेगळ्या कामासाठी झाली होती. दस्तऐवज मागायचा, तो मिळाला की व्यवहार संपला, असा एचटीटीपी या वेबच्या संवाद-पद्धतीचा नियम. एका मागणीचा दुसरीशी संबंध सर्व्हर लक्षात ठेवत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेच्या मोझॅक ब्राउझरमध्ये अर्जाचे रकाने दिसू लागले. भरलेला मजकूर सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमकडे पोचवणारी सीजीआय ही पद्धतही त्याच संस्थेत त्याच वर्षी आकाराला आली. पाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या नोव्हेंबर १९९५ मधील २.० मानकात अर्जांना अधिकृत जागा मिळाली. मात्र सर्व्हरचे उत्तर म्हणजे प्रत्येक वेळी नवे, संपूर्ण पान. प्रोग्रॅमने कोरा अर्ज पाठवला, की आधीचे सगळे गेले. मजकूर सर्व्हरपर्यंत पोचलेला असे, त्याच्या हाताशीही असे. तो परत पानात लिहिण्याचे काम मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आठवणीने करावे लागे, आणि ते पुष्कळदा राहून जाई.

त्यामुळे अनेक ठिकाणी चुकांची यादी असलेले वेगळे पान दाखवून ‘ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबा’ अशी सूचना देत. मागे गेल्यावर मजकूर टिकेल की नाही, हे ब्राउझरवर अवलंबून असे.

यावरचा पहिला मोठा उपाय पर्ल भाषेत आला. जनुकशास्त्राच्या संशोधनात काम करणारे लिंकन स्टाइन यांनी १९९५ मध्ये सीजीआय डॉट पीएम हे मोड्यूल तयार केले. त्याने काढलेला अर्ज पुन्हा दाखवला, की रकान्यांत आधीची मूल्ये आपोआप येत. कोरा रकाना हवा असेल, तर तसे मुद्दाम सांगावे लागे. मजकूर पुसण्यासाठी सांगावे लागावे, राखण्यासाठी नव्हे, हा बदल महत्त्वाचा होता, कारण प्रोग्रॅमरचा विसरभोळेपणा आता भरणाऱ्याच्या मुळावर येत नव्हता. १९९७ मध्ये हे मोड्यूल पर्लच्या मुख्य संचात आले आणि २०१५ पर्यंत तिथे राहिले. त्याच सुमारास, जून १९९५ मध्ये, रॅस्मस लर्डॉर्फ यांनी पीएचपी जाहीर केली. तिच्या आरंभीच्या रूपाच्या नावात ‘फॉर्म्स इंटरप्रिटर’ असे शब्दच होते. आलेला प्रत्येक रकाना त्याच नावाचा चल बनून हाती येत असल्याने तो पुन्हा पानात छापणे एका ओळीचे काम झाले. ही सवलत सुरक्षेला घातक ठरल्याने २००२ पासून ती मुळातच बंद ठेवली जाऊ लागली.

प्रत्यक्षात प्रत्येक प्रकारच्या रकान्याची तऱ्हा निराळी आहे. एका ओळीच्या रकान्याचे मूल्य त्याच्या टॅगमध्ये अवतरणचिन्हांत लिहितात, तर अनेक ओळींच्या रकान्याचे मूल्य सुरुवातीच्या आणि शेवटच्या टॅगच्या मधे. यादीतून निवडायचे असेल, तर सगळे पर्याय पुन्हा छापून निवडलेल्यावर खूण करावी लागते. चेकबॉक्सची खूण काढलेली असेल, तर त्याच्याविषयी सर्व्हरकडे काहीच येत नाही. म्हणून ‘नको’ म्हटले आहे की तो प्रश्न त्या पानावर नव्हताच, हे प्रोग्रॅमला वेगळे ओळखावे लागते. निवडलेली फाइल तर परत भरताच येत नाही. पानाला तसे करता आले, तर भरणाऱ्याच्या नकळत त्याच्या संगणकावरची कोणतीही फाइल पळवता येईल. फोटो आणि सहीची फाइल पुन्हा निवडावी लागू नये, यासाठी ती आधीच सर्व्हरवर तात्पुरती ठेवून पानावर फक्त तिचे नाव दाखवणे हाच मार्ग उरतो.

मजकूर परत छापताना दुसरा धोका असतो. मराठी पत्त्यात घराचे नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिण्याची पद्धत आहे. प्रोग्रॅमने तो पत्ता तसाच रकान्याच्या टॅगमध्ये घातला, तर पहिल्याच अवतरणचिन्हापाशी ब्राउझर मूल्य संपले असे समजतो आणि पुढचा पत्ता रकान्यातून नाहीसा होतो. याच फटीतून कोणी पत्त्याऐवजी प्रोग्रॅमचा तुकडा घुसवला, तर तो भरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू लागतो. अमेरिकेतील सर्ट या संगणक-सुरक्षा केंद्राने फेब्रुवारी २००० मध्ये या प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला. तेव्हापासून अवतरणचिन्हे, कोनी कंस आणि अँपरसँड ही चिन्हे सांकेतिक रूपात बदलल्याशिवाय मजकूर परत छापायचा नाही, हा नियम रुळला.

देवनागरीत भरणाऱ्यांना आणखी एक अडचण आली. पानाची लिपिसंकेत-पद्धत पाश्चात्त्य अक्षरांपुरती असेल, तर ब्राउझर प्रत्येक देवनागरी अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक अँपरसँडने सुरू होणाऱ्या चिन्हांत गुंडाळून पाठवी. ‘म’ हे अक्षर अशा वेळी २३५० या क्रमांकाच्या रूपात जाई. प्रोग्रॅमने हे अँपरसँडसुद्धा नियमानुसार बदलले, की परत आलेल्या रकान्यात नावाऐवजी आकड्यांची रांग दिसे. पाने सर्व लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये येऊ लागली, तशी ही अडचण मिटत गेली.

मजकूर जपताना अर्ज दोनदा जाणार नाही, हेही पाहावे लागते. अर्ज सर्व्हरकडे पाठवण्याच्या पोस्ट पद्धतीने आलेले पान ताजे केले, तर तोच अर्ज दुसऱ्यांदा जाण्याची भीती असते, आणि पैसे भरताना ते महागात पडते. एचटीटीपी १.१ च्या १९९७ च्या मसुद्यात ३०३ हा संकेत आला. अर्ज स्वीकारल्यावर ब्राउझरला दुसऱ्या पानाकडे वळवण्यासाठी तो वापरता येतो. मायकेल जुरावलेव्ह यांच्या २००४ मधील लेखाने ही पद्धत प्रोग्रॅमरांत प्रसिद्ध केली. मात्र चुका असलेला अर्जही असाच वळवला, तर भरलेला मजकूर वाटेत गळतो. म्हणून तो सर्व्हरने जपलेल्या, वापरकर्त्याच्या सत्रात पुढच्या एका मागणीपुरता ठेवण्याची रीत पडली. असे सत्र ओळखण्याचे साधन म्हणजे नेटस्केपचे लू माँटुली यांनी १९९४ मध्ये आणलेली कुकी.

२००० नंतरच्या दशकात मजकूर परत भरण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरांसाठीच्या तयार चौकटींनी (फ्रेमवर्क) उचलली. २००२ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये पान परत आले, तरी रकाने भरलेलेच राहत. २००५ मध्ये खुल्या झालेल्या जँगो या चौकटीने पुढे कोरा अर्ज आणि मजकुराला बांधलेला अर्ज असा स्पष्ट भेद केला. बांधलेल्या अर्जात मूल्ये आणि त्यांच्या चुका एकत्र राहतात, त्यामुळे ज्या रकान्यात चूक आहे त्याच्याजवळच संदेश दाखवता येतो.

दुसरी वाट ब्राउझरच्या बाजूने निघाली. १९९५ च्या अखेरीस जाहीर झालेल्या जावास्क्रिप्टमुळे अर्ज पाठवण्याआधीच तपासता येऊ लागला. पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याच्या तंत्राला २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी एजॅक्स हे नाव दिले. पडदा न पुसता तेवढी चूक सांगण्याची ३२७० ची सोय अशा रीतीने वेबवर आली. अर्धवट लिहिलेले आपोआप जतन करण्याची सोयही याच काळात पसरली, ब्लॉग लिहिण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीत ती २००७ मध्ये आली. फायरफॉक्स ब्राउझरने २००५ मध्ये मागे गेल्यावर पान होते तसे दाखवण्याची व्यवस्था केली, आणि २००६ पासून ब्राउझर अचानक बंद पडला, तरी रकाने परत मिळू लागले. २००९ च्या सुमारास ब्राउझरमध्येच मजकूर साठवणारे लोकल स्टोरेज प्रमुख ब्राउझरांत आले, आणि वीज किंवा नेट गेले तरी मसुदा वाचू लागला. सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रातल्या सामायिक संगणकावर मात्र हीच सोय धोक्याची ठरते. आधार क्रमांक किंवा बँक खाते मागे राहिले, तर ते पुढच्या माणसाच्या हाती पडते. म्हणून अर्ज पुरा होताच असा साठा पुसावा लागतो.

प्रोग्रॅमरच्या सौजन्यावर चाललेल्या या गोष्टीला मानकाचे रूप दिले ते वेबच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी. हळू टंकणाऱ्याला, दृष्टिहीनाला किंवा स्मरण कमकुवत असलेल्याला पुन्हा अर्ज भरणे सर्वांत जड जाते. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत सत्र संपून पुन्हा लॉगइन केल्यावरही मजकूर न गमावता काम पुढे नेता यावे, असा निकष आला. २०१८ च्या २.१ आवृत्तीने निष्क्रियतेमुळे मजकूर जाणार असेल, तर किती वेळाने ते आधी सांगायला लावले. मजकूर २० तासांहून अधिक राखला जात असेल, तरच त्यातून सूट होती. हे दोन्ही निकष सर्वांत वरच्या, म्हणजे क्वचितच बंधनकारक होणाऱ्या पातळीचे होते. ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीने मात्र एकाच कामात आधी दिलेली माहिती पुन्हा टंकायला लावू नये, हा निकष पायाभूत पातळीवर आणला. ती आपोआप भरलेली असावी किंवा निवडण्यासाठी समोर असावी. अपवाद तीनच आहेत : पुन्हा टंकणे हाच कामाचा आवश्यक भाग असणे, पासवर्डसारखी सुरक्षेची बाब असणे आणि आधीची माहिती आता लागू नसणे.