फ्रेंच परसबागेचे वर्ष आणि क्रांतिकालीन दिनदर्शिका

फ्रान्सच्या खेड्यातील परसबागेच्या इतिहासास साधने थोडी आहेत. ऑलिव्हिए द सेर याचा १६०० सालचा कृषिग्रंथ जमीनदारासाठी लिहिलेला आहे. १६९० मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेला ला कँतिनी याचा ग्रंथ व्हर्सायच्या राजोद्यानातील अनुभवावर उभा आहे. घरामागच्या तुकड्यात कोबी व कांदा पिकविणाऱ्याने स्वतः क्वचितच काही लिहून ठेवले. म्हणून क्रांतिकालीन दिनदर्शिकेकडे, केवळ राजकीय लहर न समजता, बागकामाचे साधन म्हणून पाहणे उपयुक्त ठरते.

राष्ट्रीय परिषदेने ही कालगणना ५ ऑक्टोबर १७९३ रोजी स्वीकारली. कवी व नाटककार फाब्र देग्लांतीन याने सुचविलेल्या नावांस २४ नोव्हेंबर रोजी मान्यता मिळाली. या कामी पॅरिसच्या वनस्पति-उद्यानाचा प्रमुख माळी आंद्रे तुआं याचे साहाय्य झाले होते. संतांच्या नावांनी चर्चने जनतेच्या स्मरणशक्तीचा ताबा घेतला आहे, असा फाब्रचा आरोप होता. म्हणून प्रत्येक दिवसास संताऐवजी एखादे पीक वा फूल, दर पाचव्या दिवसास प्राणी आणि दर दहाव्या दिवसास अवजार नेमून देण्यात आले.

ही अवजारे क्रमाने लावली असता बागेचे वर्ष बऱ्याच अंशी उभे राहते. ३० नोव्हेंबरला कुदळ येते. २८ डिसेंबर हा खताचा दिवस. हिमाच्या त्या महिन्यात वनस्पतींना फारसा वाव नसल्याने यादी माती व खनिजांनी भरली आहे. ८ फेब्रुवारीस छाटणीचा चाकू, फेब्रुवारीअखेर माती उलटण्याचे फावडे, १० मार्चला वाफे आखण्याची दोरी व २० मार्चला रोपासाठी भोक पाडण्याची खुंटी. १९ एप्रिलला कलम बांधण्याचा चाकू, ९ मे रोजी खुरपे, ऑगस्टअखेर फळे उतरविण्याची शिडी आणि १६ सप्टेंबरला टोपली. २८ जुलै हा झारीचा दिवस होता. १७९४ साली त्याच दिवशी रोब्सपिएरचा शिरच्छेद झाला. खुद्द फाब्र त्यापूर्वीच, ५ एप्रिलला, गिलोटिनखाली गेला होता.

एवढी अचूक योजना खेड्यात का रुजली नाही? दहा दिवसांतून एकच विश्रांतीचा दिवस लोकांस रुचला नाही, हे नेहमीचे उत्तर खरे आहे. पण अपुरे आहे. महिन्यांची नावे पॅरिसच्या हवामानावरून घेतली होती. प्रोव्हान्सच्या किनाऱ्यावर ‘हिममास’ हा शब्द निरर्थकच होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, संतांचे दिवस हे माळ्याच्या दृष्टीने केवळ पूजेचे नव्हते. ११, १२ व १३ मे हे मामेर, पांक्रास व सेर्व्हे यांचे दिवस म्हणजे उशिरा पडणाऱ्या दहिवराची सीमा. ती ओलांडल्याखेरीज कोवळी रोपे बाहेर लावावयाची नाहीत. २५ नोव्हेंबरचा संत कातरीनचा दिवस झाडे लावण्याचा. नव्या दिनदर्शिकेत त्याच दिवशी डुक्कर आले! नवी यादी कामाचे नाव सांगत होती. धोक्याची सूचना देत नव्हती.

अर्थात संतांची गणनाही निसर्गसिद्ध नव्हती. डिसेंबर १५८२ मध्ये ग्रेगरीय सुधारणेने फ्रान्समधील तारखा दहा दिवसांनी पुढे सरकल्या, तरी संतांची नावे आपापल्या तारखांस चिकटूनच राहिली. म्हणजे जुन्या संकेतांचे बळही अचूकतेपेक्षा सवयीत अधिक होते. फाब्रने ओळखलेला शत्रू खरा होता. त्याचे मूळ किती खोल आहे, याचा अंदाज मात्र चुकला.

१८०२ मध्ये सरकारी नोकरांस रविवार परत मिळाला आणि १ जानेवारी १८०६ पासून ही कालगणना रद्द झाली. आजच्या छापील फ्रेंच दिनदर्शिकांत ११ ते १३ मे या तारखांसमोर एस्तेल, आशील व रोलांद ही नावे आढळतात. टोमॅटोची रोपे लावताना माळी मात्र मामेर, पांक्रास व सेर्व्हे यांचीच वाट पाहतात.