माथेरानची माणसे

गावांच्या इतिहासात साहेबांची नावे सापडतात, सावकारांची सापडतात; पाणी भरणाऱ्याचे, ओझी वाहणाऱ्याचे नाव सापडत नाही. तो सापडतो फक्त शिरगणतीच्या आकड्यात. म्हणून माझ्या कर्जत तालुक्यातल्या माथेरानची गोष्ट मी आज आकड्यांपासून सांगणार आहे.

२००१ च्या जनगणनेत माथेरानची वस्ती होती ५,१३९. २०११ मध्ये ती ४,३९३ झाली. म्हणजे दहा वर्षांत सातशेहून अधिक माणसे कमी! याच काळात पायथ्याचे कर्जत साडेपंचवीस हजारांवरून साडेएकोणतीस हजारांपुढे गेले आणि शेजारच्या खालापूर तालुक्यातली खोपोली अठ्ठावन्न हजारांवरून एकाहत्तर हजारांवर पोचली. खालची गावे फुगत असताना वरचे गाव का आटावे?

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने हा डोंगर चढले. याला पुस्तकांत ‘माथेरानचा शोध’ म्हणतात. ठाकूर, कातकरी, धनगर मात्र त्याआधीपासून या डोंगराच्या अंगाखांद्यावर राहत होते. त्यांना तो हरवलेला कधी वाटलाच नव्हता! पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या ठिकाणाला नाव मिळवून दिले. १८५६ मध्ये रेल्वे नेरळवरून खोपोलीला गेली आणि मुंबईकरांना डोंगर जवळचा झाला. नेरळहून वर जायला मात्र घोडा नाहीतर पालखी. साहेब आले, पाठोपाठ पारशी, बोहरी, गुजराती धनिकांचे बंगले आले आणि त्या बंगल्यांना राबणारे हात लागले. माथेरानची खरी वस्ती या हातांची.

त्यानंतर आली छोटी गाडी. मुंबईचे बोहरी उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी सोळा लाख रुपये घातले, मुलगा अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ अशी तीन वर्षे खपून दोन फूट रुंदीचा रूळ वीसेक किलोमीटर वळणावळणाने वर नेला. त्या नागमोडी वाटेवर घाम गाळणाऱ्यांची यादी मात्र आपल्या हाती नाही.

या राबणाऱ्या वस्तीने देशाला एक मोठा माणूस दिला. भाई कोतवाल माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मले, वकील झाले. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते हुतात्मा झाले.

आता पुन्हा आकड्याकडे येऊ. २००१ मध्ये माथेरानात शेकडा ५८ पुरुष होते आणि ४२ स्त्रिया. मला यात अनेक घरे दिसतात, ज्यांतला कर्ता वर राबतो आणि बायको-मुले खाली असतात. मोटारगाडी दस्तुरी नाक्याच्या पुढे येत नाही. ते रानाच्या भल्याचेच आहे. पण गॅसची टाकी, तांदळाचे पोते, असे बरेचसे ओझे माणसाच्या नाहीतर घोड्याच्या पाठीवर! २००३ मध्ये हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि बांधकामावर बंधने आली. २००५ च्या पावसाने छोट्या गाडीचा मार्ग वाहून गेला. पर्यटकांची सहल तेवढी चुकली, इथल्या माणसाचा मात्र हंगाम बुडाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे माणुसकीला धरून नाही, असे न्यायालयाने म्हटले. अगदी खरे आहे. ओढणाऱ्याला ई-रिक्षा द्यावी, हेही त्यातच आले. माझे म्हणणे एवढेच की, ती त्याच्याच हाती पडली की नाही, हे गावाने डोळ्यांत तेल घालून पाहावे. त्याला संसार वर आणता आला, तरच पुढच्या जनगणनेत माथेरान भरलेले दिसेल. रान राखायलाही शेवटी तिथे राहणारी माणसेच लागतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)